फेकावे तरी काय? : अवकाशयानांच्या विद्युत इंजिनांची कहाणी

मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञानाचा आणि माझा संबंध शाळेतच सुटला होता. तो पुन्हा जुळला एका विद्यार्थिनीमुळे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात स्वतंत्र भारताच्या वैज्ञानिक प्रगतीविषयी मी मोठ्या उत्साहाने बोलत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, वर हवाच नाही, तर यान रेटा देते कशाला?"

शिक्षकाच्या भात्यात असतो तो बाण मी काढला. म्हटले, "उद्या सांगतो बेटा, आता बस." आणि मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी होडीचा दाखला दिला. समजा, तळ्याच्या मध्यभागी एका होडीत माणूस बसला आहे. त्याच्याजवळ वल्हे नाही, फक्त दगडांची रास आहे. त्याने एकेक दगड जोराने मागे भिरकावला, तर प्रत्येक दगडासरशी होडी थोडी पुढे सरकेल. ती पाण्याला किंवा हवेला रेटल्यामुळे सरकत नाही. दगड मागे गेला म्हणून ती पुढे जाते. अवकाशयानाचे तेच आहे. ते काहीतरी मागे फेकते आणि पुढे जाते.

या दाखल्यात पुढच्या सगळ्या इतिहासाचे मर्म आहे. दगड जितक्या वेगाने फेकाल तितके दगड कमी लागतील. ज्वलनावर चालणाऱ्या अग्निबाणातून वायू सेकंदाला दोन ते साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतात. इंधनात जेवढी रासायनिक ऊर्जा आहे तेवढाच तो वेग. त्यापुढे जाता येत नाही. पण विजेच्या साहाय्याने कण फेकले, तर तो वेग वीस, तीस, चाळीस किलोमीटरपर्यंत नेता येतो. मग फेकण्याची सामग्री थोडी पुरते आणि यानात उपकरणांना जागा उरते. आता प्रश्न उरला तो एवढाच की फेकावे तरी काय? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत. पारा, सिझियम, टेफ्लॉन, झेनॉन, अरगॉन, आयोडीन अशी एकाहून एक नवलाची उत्तरे त्यातून निघाली. त्या मुलीने नंतर आणखी एक प्रश्न विचारला होता. तो पुढे यथावकाश येईलच.

या विचाराचा आरंभ ज्यांनी केला, त्या तिघांतले दोघे शाळामास्तर होते, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. रशियातील कालुगा या गावी गणित व पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या त्सिओल्कोव्हस्की यांना लहानपणीच बहिरेपण आले होते. त्यांनी १९११ साली लिहून ठेवले की, पुढेमागे विजेच्या बळावर कणांना प्रचंड वेग देऊन यान चालवता येईल. त्याआधी १९०६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड या तरुणाने आपल्या वहीत असाच विचार नोंदवला होता. तिसरे हेरमान ओबर्थ. ट्रान्सिल्व्हेनियातील मेडियाश या गावच्या शाळेत शिकवणाऱ्या या शिक्षकाने अवकाशप्रवासावर ग्रंथ लिहिला. १९२९ मध्ये तो विस्तारून प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात विद्युत यानावर स्वतंत्र प्रकरणच होते. त्याच सुमारास लेनिनग्राडच्या प्रयोगशाळेत व्हॅलेंतिन ग्लुश्को हा तरुण अभियंता धातूच्या बारीक तारांमधून विजेचा जबर झटका सोडत होता. त्या झटक्याने तारेचा स्फोट होऊन वाफ होई आणि ती वाफ नळीतून बाहेर झेपावे. यान अजून जन्माला यायचे होते; त्याच्या इंजिनाची खटपट मात्र सुरू झाली होती.

इथे प्लाझ्मा म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शाळेत शिकतो. वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झाले की सुटे इलेक्ट्रॉन आणि धन विद्युत्भार असलेले आयन यांचे एक मिश्रण तयार होते. ही चौथी अवस्था. विल्यम क्रूक्स यांनी १८७९ मध्ये तिची चाहूल घेतली आणि आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये तिला प्लाझ्मा हे नाव दिले. मराठी परिभाषेत तिला आयनद्रायू म्हणतात. नळीच्या दिव्यातला उजेड या अवस्थेचाच असतो. साध्या अणूवर विद्युत्भार नसल्यामुळे वीज त्याला ओढू शकत नाही. आयनाला मात्र ती सहज पकडते आणि गोफणीतल्या दगडासारखी भिरकावते. म्हणून आधी प्लाझ्मा आणि मग फेक.

परंतु अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा खर्च होते, आणि ती गती देण्याच्या कामी येत नाही. हा खर्च टोलनाक्यासारखा आहे. गाडी रिकामी असो वा भरलेली, टोल गाडीमागे द्यायचा. तेव्हा शहाणा व्यापारी प्रत्येक गाडीत जास्तीत जास्त माल भरतो. त्याचप्रमाणे इथे अणू जड हवा आणि त्याचा टोल कमी हवा. शिवाय तो पदार्थ यानात साठवायला सोपा हवा, भांड्याला खाणारा नसावा, माणसाला मारणारा नसावा आणि मिळायलाही हवा. या सगळ्या अटी एकदम पुऱ्या करणारा पदार्थ निसर्गाने घडवलेलाच नाही. शास्त्रज्ञांनी प्रत्येक वेळी कोणती ना कोणती अट सोडून दिली आणि तिची किंमत मोजली.

पहिली पसंती सिझियमला मिळाली. अर्न्स्ट श्टुलिंगर हे मूळचे जर्मन शास्त्रज्ञ. किरणोत्सर्ग मोजण्याच्या यंत्रामुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले त्या गायगर यांचे ते शिष्य. महायुद्धानंतर फॉन ब्राऊन यांच्या चमूबरोबर ते अमेरिकेत गेले आणि ओबर्थ यांच्या त्या प्रकरणाला त्यांनी गणिताची बैठक दिली. सिझियम हा मऊ, तळहाताच्या उबेजवळच वितळणारा धातू. त्याचा अणू जड आणि टोल सर्व स्थिर मूलद्रव्यांत कमी. त्याची वाफ तापून लाल झालेल्या टंगस्टनवर सोडली, तर नुसत्या स्पर्शाने तिचे आयन होतात. कारण टंगस्टनला इलेक्ट्रॉनची ओढ अधिक असते आणि तो सिझियमचा इलेक्ट्रॉन काढून घेतो. या क्रियेचे गणित ज्या समीकरणाने मांडतात, त्याला साहा-लँगम्यूर समीकरण म्हणतात. यातले साहा म्हणजे आपले मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराचा हा मुलगा. सूर्याच्या वातावरणातील अणूंचे आयन किती प्रमाणात होतात, हे सांगणारे सूत्र त्याने १९२० मध्ये जगापुढे ठेवले. ताऱ्यांसाठी शोधलेले गणित यानाच्या इंजिनालाही लागू पडले.

पण सिझियमचा स्वभाव वाईट. पाण्याशी गाठ पडली की स्फोट, हवेशी गाठ पडली की पेट. टंगस्टन सतत हजार अंशांच्या वर तापवून ठेवायचे, त्यात वीज वाया जायची ती वेगळीच. क्लीव्हलँड येथील नासाच्या प्रयोगशाळेत हॅरॉल्ड कॉफमन यांनी १९५९-६० च्या सुमारास दुसरी वाट काढली. त्यांनी पारा घेतला. पाऱ्याची वाफ एका नळकांड्यात सोडायची, तिच्यात इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा, चुंबकाच्या साहाय्याने ते इलेक्ट्रॉन लवकर निसटणार नाहीत अशी व्यवस्था करायची आणि तयार झालेले आयन भोके पाडलेल्या दोन जाळ्यांमधून उच्च विद्युतदाबाने बाहेर खेचायचे. पाऱ्याचा टोल सिझियमच्या अडीचपटीहून जास्त होता. पण त्याचा अणू आणखी जड, आणि पाण्याच्या साडेतेरापट घन असल्यामुळे लहानशा टाकीत पुष्कळ मावे.

या दोन पदार्थांची परीक्षा एकाच दिवशी झाली. २० जुलै १९६४ रोजी अमेरिकेच्या वॉलप्स बेटावरून ‘सर्ट-१’ नावाचे यान उडाले. ते कक्षेत जाणारे नव्हतेच. वर जाऊन तासाभराच्या आत परत खाली येणारे ते उड्डाण होते. त्यावर दोन इंजिने होती, एक सिझियमचे आणि एक पाऱ्याचे. त्या वेळी मोठी शंका अशी होती की, यान जर धन विद्युत्भाराचे कणच फेकत राहिले, तर त्याच्यावर ऋण विद्युत्भार साचेल आणि फेकलेले कण उलटे फिरून यानालाच चिकटतील. त्यावर उपाय म्हणून मागे इलेक्ट्रॉनांचाही फवारा सोडायचा होता. प्रयोगशाळेच्या टाकीत हे जमले होते. पण तिथे टाकीच्या भिंती मदत करत असतील, असे म्हणणारेही होते. अवकाशाला भिंती नाहीत. सिझियमच्या इंजिनात उच्च दाबाची वीज भलतीकडेच गेली आणि ते सुरूच झाले नाही. पाऱ्याचे इंजिन एकतीस मिनिटे चालले. यान स्वतःभोवती फिरत होते. त्याच्या फिरण्यात पडलेल्या फरकावरून इंजिनाचा रेटा मोजला गेला. अवकाशात आयन इंजिन चालते, हे त्या अर्ध्या तासात सिद्ध झाले.

त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९६४ रोजी, सोव्हिएत संघाने मंगळाच्या दिशेने झोंद-२ सोडले. त्यावरची सहा लहान इंजिने फेकत होती टेफ्लॉन! आपल्या घरातल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असते तेच टेफ्लॉन. यात टाकी नाही, नळी नाही, झडप नाही. टेफ्लॉनची एक कांडी स्प्रिंगने पुढे सरकत राहते. तिच्या तोंडाशी विजेची ठिणगी पडते. त्या ठिणगीने पृष्ठभागाचा अगदी पातळ थर उडून त्याचा प्लाझ्मा होतो आणि तो बाहेर फेकला जातो. यानाच्या सौर तावदानांचे तोंड सूर्याकडे ठेवण्याचे काम या इंजिनांकडे होते. पुढे यानाशी संपर्क तुटला आणि १९६५ मध्ये ते मंगळाजवळून मुकेच निघून गेले. इंजिनाची कल्पना मात्र टिकली. १९६८ मध्ये अमेरिकेच्या लेस-६ या उपग्रहाने टेफ्लॉनच्याच इंजिनांनी कक्षेतली आपली जागा राखली. जास्त रेटा नको, पण भरवसा हवा, अशा ठिकाणी हा प्रकार पुढेही वापरात राहिला.

फेब्रुवारी १९७० मध्ये ‘सर्ट-२’ गेले. पृथ्वीपासून सुमारे एक हजार किलोमीटर उंचीवर पाऱ्याची दोन इंजिने सहा महिने चालवून पाहायची होती. एक सुमारे पाच महिने चालले, दुसरे सुमारे तीन. दोघांचाही घात त्याच जाळ्यांनी केला. आयनांच्या सततच्या माऱ्याने जाळीचा धातू झिजत गेला, त्याची कपची दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत अडकली आणि वीज एका जाळीतून दुसरीत जाऊ लागली. माणसाचे हात तिथे पोचणार कसे? पण १९७४ मध्ये एका इंजिनातली ती अडचण दूर झाल्याचे आढळले आणि जमिनीवरच्या मंडळींनी ते पुन्हा सुरू केले. या यानावरचे प्रयोग १९८१ पर्यंत चालू राहिले. सहा महिन्यांसाठी पाठवलेल्या वस्तूकडून अकरा वर्षे काम करून घेणाऱ्या त्या तंत्रज्ञांची चिकाटी नुसत्या कौतुकाने फिटणारी नाही.

सिझियमला आणखी एक संधी मिळाली, आणि इथे ही कहाणी आपल्या देशाला स्पर्श करते. ३० मे १९७४ रोजी अमेरिकेने एटीएस-६ हा दळणवळण उपग्रह सोडला. वडीलधाऱ्या वाचकांना हे नाव आठवत असेल. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर याच उपग्रहावरून ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांमध्ये थेट आकाशातून दूरदर्शनचे कार्यक्रम आले. जिथे वर्तमानपत्र पोचत नव्हते, तिथे शेतीची व आरोग्याची माहिती चित्रांसह पोचली. महाराष्ट्राचा त्या यादीत समावेश नव्हता, याची रुखरुख मला हे लिहितानाही वाटते. असो. त्या उपग्रहावर सिझियमची दोन आयन इंजिने प्रयोगासाठी बसवलेली होती. पहिले एक तास चालले. दुसरे ९२ तास चालले. एकदा बंद केल्यावर दोन्ही पुन्हा नीट सुरू झाली नाहीत, कारण सिझियमचा पुरवठा करणाऱ्या व्यवस्थेत दोष निघाला. उपग्रहाचे जागेवर राहण्याचे काम नेहमीच्या रासायनिक इंजिनांनीच केले आणि खेड्यांतल्या प्रेक्षकांना यातले काही कळण्याचे कारणही नव्हते. सिझियमचा निरोप जवळजवळ तिथेच झाला.

आता पारा. सहावीत असताना आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक तापमापी फुटला. आम्ही पोरांनी फरशीवरचे ते चकाकणारे थेंब तळहातावर खेळवले, एकमेकांच्या दप्तरात टाकले. उरलेले कुणीतरी मोरीत ढकलले. शिक्षक रागावले ते तापमापीच्या किमतीवरून. पाऱ्याची वाफ विषारी असते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये तिथल्या रोगाची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणारी, वाचा गेलेली, जन्मतःच अपंग झालेली ती मुले पुढे छायाचित्रांतून जगाने पाहिली.

इंजिनाच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांनाही पारा जड जाऊ लागला. प्रत्येक चाचणीनंतर निर्वात टाकीच्या भिंतींवर तो साचे आणि टाकी साफ करणे हे धोक्याचे काम होऊन बसे. यानाच्या थंड भागांवर तो गोठून बसण्याची भीती होती. शिवाय पारा काही धातूंमध्ये मिसळून त्यांना पोखरतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतले संशोधक पाऱ्याकडून झेनॉनकडे वळले.

झेनॉनचा अर्थच मुळी परका, पाहुणा. विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये तो शोधला. हा निष्क्रिय वायू कशाशीही भांडत नाही, विषारी नाही, त्याचा अणूही जड. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हे आधीच ओळखले होते. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतील अलेक्सेई मोरोझोव्ह यांनी जाळ्यांचा नादच सोडला. त्यांच्या इंजिनात एक कड्यासारखी पोकळ वाट असते. तिच्यात चुंबकीय क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन गोल गोल फिरत अडकून पडतात आणि जड आयन मात्र सरळ बाहेर झेपावतात. जाळीच नाही, तेव्हा जाळी झिजण्याची भीतीही नाही. डिसेंबर १९७१ मध्ये सोडलेल्या एका मेटिओर हवामान उपग्रहावर झेनॉनचे असे इंजिन चालले आणि त्याने उपग्रहाची कक्षा खरोखर उंचावली. तरीही पाश्चात्त्य देशांनी जवळजवळ वीस वर्षे तिकडे फारसे लक्ष दिले नाही. शीतयुद्धाची भिंत कागदांपेक्षा मनांत जास्त जाड होती. १९९१ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी रशियात जाऊन ही इंजिने स्वतः तपासली, तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

झेनॉनच्या पराक्रमांची यादी मोठी आहे. ‘डीप स्पेस-१’ हे यान २४ ऑक्टोबर १९९८ रोजी निघाले तेव्हा त्याच्याजवळ साडेएक्याऐंशी किलो झेनॉन होता. इंजिन पहिल्यांदा चालू केले आणि साडेचार मिनिटांत बंद पडले. दोन आठवडे सगळ्यांचे प्राण कंठाशी! मग ते सुरू झाले ते एकूण सोळा हजारांहून अधिक तास चालले. त्याचा जास्तीत जास्त रेटा किती, तर जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याचे तळहातावर जेवढे वजन भासते तेवढा. पण नाण्याएवढा रेटा महिनोन्‌महिने देत राहिला की यान धूमकेतूपर्यंत पोचते, हे २००१ मध्ये दिसले. २००७ मध्ये निघालेल्या ‘डॉन’ने वेस्टा आणि सेरेस अशा दोन लघुविश्वांना आळीपाळीने प्रदक्षिणा घातल्या. पूर्वी कोणत्याही यानाला हे साधले नव्हते.

मला मात्र सर्वांत जवळचे वाटते ते जपानचे ‘हायाबुसा’. २००३ मध्ये निघालेले हे यान इटोकावा या लघुग्रहावर उतरले आणि परतताना त्याच्यावर एकामागून एक संकटे कोसळली. रासायनिक इंधन गळून गेले, तेव्हा यानाचे तोंड वळवण्यासाठी झेनॉनच नुसता फुंकून वापरला. नोव्हेंबर २००९ मध्ये चालू इंजिनही थांबले. अभियंत्यांनी एका बिघडलेल्या इंजिनाचा आयन तयार करणारा भाग आणि दुसऱ्या बिघडलेल्या इंजिनाचा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग विजेने जोडून दोन निकामी इंजिनांतून एक चालते इंजिन उभे केले. अशी वेळ येईल म्हणून त्यांनी यान बांधतानाच एक लहानसा जोड ठेवून दिला होता. १३ जून २०१० रोजी लघुग्रहाची धूळ घेऊन त्याची कुपी ऑस्ट्रेलियात उतरली.

आपल्या इस्रोनेही झेनॉनचीच वाट धरली. १५ एप्रिल २०१० रोजी विद्युत इंजिने असलेला जीसॅट-४ अग्निबाणासह समुद्रात पडला. ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या जीसॅट-९ या दक्षिण आशियाई उपग्रहाने मात्र ही इंजिने कक्षेत नेली.

मग झेनॉनमध्ये उणे काय? तो मिळत नाही! एक कोटी लिटर हवेत एक लिटरही झेनॉन नसतो. पोलादाच्या कारखान्यांसाठी हवेतून प्राणवायू वेगळा काढताना जोडीला जेवढा हाती लागेल तेवढाच. ‘डीप स्पेस-१’च्या टाकीसाठी किती हवा गाळावी लागली असेल, याचा हिशेब मी मांडला आणि सहकाऱ्यांकडून तपासून घेतला. तो दीडशे अब्ज लिटरांच्या वर जातो. एखाददुसऱ्या यानाला हे परवडते. हजारो उपग्रह सोडणाऱ्याला परवडत नाही. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर अशा वायूंचे भाव आणखी भडकले. त्यापूर्वीच, मे २०१९ मध्ये, स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह क्रिप्टॉन फेकणारी इंजिने घेऊन वर गेले होते. २०२३ पासून त्यांच्या मोठ्या उपग्रहांवर अरगॉन आला. अरगॉन हवेत जवळजवळ शेकडा एक, वेल्डिंगच्या दुकानातही सिलिंडरमध्ये भरलेला असतो. पण त्याचा अणू झेनॉनच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका आणि टोल जास्त. स्वस्त मालाची भरपाई जास्त विजेने करावी लागते.

तिकडे युरोपीय अवकाश संस्थेने २०१८ मध्ये वेगळीच वाट दाखवली. फार खालच्या कक्षेतही हवेचे विरळ कण असतात. तेच पुढून गोळा करावेत आणि मागून फेकावेत. इटलीतील प्रयोगशाळेत असे इंजिन आधी झेनॉनवर आणि मग नायट्रोजन व ऑक्सिजनच्या मिश्रणावर चालवून दाखवण्यात आले. होडीतल्या माणसाने दगड घरून आणायचे नाहीत, वाटेतच वेचायचे!

आणि आता आयोडीन. नेपोलियनच्या युद्धांना दारूगोळ्यासाठी सोरा लागत होता. तो तयार करताना समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करणाऱ्या बर्नार कूर्त्वा यांना १८११ मध्ये जांभळी वाफ दिसली, हा या मूलद्रव्याचा जन्म. आपल्याला ते जखमेच्या औषधामुळे आणि मिठामुळे ठाऊक. त्याचा अणू झेनॉनच्या जवळपास तेवढाच जड, टोल थोडा कमी, आणि मुख्य म्हणजे ते घन आहे. जाड भिंतींची, प्रचंड दाबाची टाकी नको. थोडी ऊब दिली की स्फटिकांची थेट वाफ होते. थ्रस्टमी या फ्रेंच कंपनीचे आयोडीनचे इंजिन ६ नोव्हेंबर २०२० रोजी सुमारे वीस किलो वजनाच्या एका चिनी उपग्रहावरून अवकाशात गेले. त्याने कक्षा बदलून दाखवली आणि त्याचा वृत्तांत नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. यातही किंमत मोजावी लागलीच. आयोडीन धातूंना खाते. उड्डाणाच्या धक्क्यांनी स्फटिकांचे तुकडे होऊ नयेत म्हणून ते सच्छिद्र चिनीमातीसारख्या पदार्थात मुरवून ठेवावे लागते. शिवाय इंजिन तापायला दहाएक मिनिटे लागतात, म्हणजे बटण दाबले आणि चालले असे होत नाही.

आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी एका परीक्षानळीत आयोडीनचे चार कण गरम करून वर्गाला ती जांभळी वाफ दाखवली. नळीच्या थंड भागावर पुन्हा काळसर स्फटिक जमले. तेव्हा त्याच मुलीने दुसरा प्रश्न विचारला, "सर, मग यानाने फेकलेले सगळे जाते कुठे?"

हा प्रश्न पाऱ्याच्या बाबतीत तिच्याआधी मोठमोठ्यांना पडला होता. दूरच्या यानाने फेकलेले कण दूरच निघून जातात. पण पृथ्वीजवळच्या उपग्रहाने फेकलेल्या आयनांना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अडकवते, आणि त्यातला मोठा भाग पुन्हा आपल्याच वातावरणात, तिथून समुद्रात आणि माशांत येऊ शकतो. २०१८ मध्ये बातमी आली की, एक नवी अमेरिकन कंपनी उपग्रहांसाठी पाऱ्यावर चालणारी स्वस्त इंजिने पुढे आणत आहे. सर्ट-२ वर पारा होता एका यानापुरता. आता बोलणे हजारो उपग्रहांचे होते. यातली गोम अशी की, वरून पडणाऱ्या पाऱ्याला अडवणारा स्पष्ट नियमच नव्हता. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला होता आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली होती. पण तो तापमापी, दिवे, खाणी अशा जमिनीवरच्या गोष्टींसाठी लिहिला गेला होता. आकाशातून पारा शिंपडला जाईल, हे तो लिहिताना कुणाच्या ध्यानात आले असेल? अखेर मार्च २०२२ मध्ये बाली येथे भरलेल्या करारातील देशांच्या बैठकीने ठरवले की, उपग्रह व अवकाशयाने चालवण्यासाठी पाऱ्याचा वापर २०२५ पर्यंत बंद करावा. ज्या पदार्थाने १९६४ मध्ये एकतीस मिनिटांत विद्युत इंजिनाचे युग उघडले, त्याच्यापुढे आकाशाचे दार लावले गेले ते असे.

मी हे सगळे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, तापमापीच्या थेंबांसकट. मुलीने वहीत ‘मिनामाता, १९५६’ आणि ‘बाली, २०२२’ असे लिहून घेतले, दोन्ही सालांखाली रेघ ओढली आणि मान वर करून विचारले, "सर, हे परीक्षेला येणार का?"